पक्षी दिसण्यापूर्वी घ्यायचे निर्णय

सुपरझूम किंवा ब्रिज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याची लेन्स काढता-बदलता येत नाही. मात्र त्या एकाच लेन्समध्ये विस्तीर्ण जलाशयाच्या दृश्यापासून पलीकडच्या काठावरील एकट्या बगळ्यापर्यंतचा सारा पल्ला सामावलेला असतो. कॅननने २०१२ मध्ये पॉवरशॉट एसएक्स-५० एचएस या कॅमेऱ्यात हा पल्ला ५० पटींपर्यंत आणला, निकॉनच्या कूलपिक्स पी-९०० ने २०१५ मध्ये तो ८३ पटींवर नेला आणि त्याच कंपनीच्या पी-१००० ने २०१८ मध्ये १२५ पटींवर. पी-९०० चे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरते, तर व्यावसायिक वन्यजीव-छायाचित्रकार वापरतात ती ६०० मिलिमीटर एफ/४ ची लेन्स एकटीच तीन किलोंहून जड असते आणि तिची किंमत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे ज्याला पक्षी ओळखायचे आहेत, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आहेत आणि जमल्यास चांगली छायाचित्रेही मिळवायची आहेत, अशा निरीक्षकाला सुपरझूम सोयीचा वाटतो.

या सोयीची किंमत मात्र अन्यत्र मोजावी लागते. लहान सेन्सर, पूर्ण झूमला आखडणारे लेन्सचे तोंड आणि अतिशय अरुंद दृश्यक्षेत्र या तीन मर्यादा अशा कॅमेऱ्याच्या रचनेतच असतात. आणि पक्षी समोर थांबतो तो बहुधा काही सेकंदच. तेवढ्या वेळात मेनू उघडून एकेक सेटिंग बदलणे शक्य नसते, म्हणून कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूस असलेल्या गोल चकतीवर, म्हणजे मोड डायलवर, वापरकर्त्याने ठरवून जतन केलेल्या सेटिंग्जच्या संचासाठी वेगळी जागा ठेवलेली असते. कॅननच्या एसएक्स-५० सारख्या कॅमेऱ्यावर ती ‘सी-१’ आणि ‘सी-२’ या खुणांनी, निकॉनच्या या मालिकेत ‘यू’ या अक्षराने, तर सोनीच्या आरएक्स-१० मालिकेत ‘एमआर’ या अक्षरांनी दाखवलेली आढळते. चकती त्या खुणेवर फिरवली की शटर, छिद्र, आयएसओ, फोकसची पद्धत, प्रकाशमापनाची पद्धत असे सारे काही एकदम ठरलेल्या जागी येते. या जागांचा उपयोग पक्ष्यांच्या जातींनुसार किंवा ठिकाणांनुसार करण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात पक्षी हालतो आहे की स्थिर आहे आणि त्याच्यावर प्रकाश किती आहे, या दोनच प्रश्नांवर संचांची विभागणी करणे सर्वांत उपयुक्त ठरते. त्याचे कारण कॅमेऱ्याच्या प्रकाशविषयक गणितात आहे.

प्रकाशाचा ताळेबंद

लेन्समधून आलेला प्रकाश ज्या संवेदनशील पटलावर पडून चित्र तयार होते, त्याला सेन्सर म्हणतात. पी-९०० आणि त्याच्या बहुतेक समकालीन सुपरझूम कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराचा ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. सुपरझूमचा प्रचंड पल्ला शक्य होतो तो या लहानपणामुळेच. पी-९०० च्या लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंथ, म्हणजे नाभीय अंतर, जास्तीत जास्त ३५७ मिलिमीटर असते. पण इतक्या छोट्या सेन्सरवर दृश्याचा फार लहान तुकडा पडत असल्याने, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २००० मिलिमीटरची लेन्स लावल्यावर जेवढे क्षेत्र दिसेल तेवढेच येथे दिसते. जाहिरातीतील २००० हा आकडा असा ‘समतुल्य’ असतो. दृश्य जवळ येते हे खरे. मात्र छोट्या सेन्सरला मिळणारा एकूण प्रकाशही त्याच प्रमाणात थोडा असतो आणि चित्रातील दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, त्या तुटवड्यातून निर्माण होतो.

यात भर पडते ती छिद्राची. लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या वाटेला छिद्र किंवा अपर्चर म्हणतात आणि त्याचे माप ‘एफ’ या अंकाने सांगतात. हा अंक जितका मोठा तितके छिद्र लहान. पी-९०० ची लेन्स पूर्ण रुंद दृश्याला एफ/२.८ पर्यंत उघडते, परंतु पूर्ण झूमला ती एफ/६.५ च्या पुढे उघडू शकत नाही, म्हणजेच सेन्सरवर पडणारा प्रकाश साडेपाच पटींच्या जवळपास घटतो. पी-१००० मध्ये ३००० मिलिमीटर समतुल्य झूमला छिद्र एफ/८ वर येते आणि ही घट आठ पटींची होते. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या एका पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. त्या भाषेत पी-९०० पूर्ण झूमला सुमारे अडीच आणि पी-१००० तीन स्टॉप गमावतो.

भर उन्हात छिद्र एफ/१६ आणि आयएसओ १०० असेल, तर शटर सुमारे १/१०० सेकंद उघडे ठेवावे लागते, असा एक जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. हाच हिशेब एफ/६.५ ला लावला, तर लख्ख उन्हात आयएसओ १०० ला शटरचा वेग १/६०० सेकंदाच्या आसपास मिळतो आणि आयएसओ ४०० ला तो १/२४०० सेकंदापर्यंत जातो. सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवून घ्यायचा हे आयएसओ ठरवतो. तो दुप्पट केला की निम्म्या वेळात तेवढेच उजळ चित्र मिळते, पण संकेताबरोबर नॉइजही वाढते. आता तोच पक्षी उन्हातून झाडाच्या दाट सावलीत गेला, तर प्रकाश सहज तीन ते चार स्टॉपने कमी होतो; आयएसओ १०० ला १/६०० चा वेग १/७५ ते १/४० सेकंदापर्यंत उतरतो आणि आयएसओ ४०० पर्यंत नेऊनही तो १/३०० ते १/१५० च्या पुढे जात नाही. उघड्यावरचा पक्षी आणि सावलीतला पक्षी यांसाठी एकच संच का पुरत नाही, हे या चार आकड्यांवरून स्पष्ट होते.

छिद्र मोकळे का ठेवावे

मोठ्या कॅमेऱ्यावर हात बसलेले छायाचित्रकार चित्र अधिक रेखीव यावे म्हणून छिद्र एक-दोन स्टॉपने लहान करतात. सुपरझूमवर ही सवय नुकसानकारक ठरते. प्रकाश लहान छिद्रातून जाताना कडांपाशी किंचित पसरतो. या विवर्तनामुळे एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता इवलीशी चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/६.५ ला या चकतीचा व्यास सुमारे पावणेनऊ मायक्रॉन भरतो, तर पी-९०० च्या सेन्सरवरील एका पिक्सेलची रुंदी १.३ मायक्रॉनच्या जवळपास असते. म्हणजे छिद्र पूर्ण उघडे असतानाही एका बिंदूचा प्रकाश अनेक पिक्सेलांवर सांडलेला असतो. छिद्र आणखी लहान केले, तर तो अधिकच सांडतो आणि प्रकाशही घटतो. पूर्ण झूमला छिद्र शक्य तेवढे उघडे ठेवणे हा नियम म्हणूनच जवळजवळ निरपवाद आहे.

मोड निवडताना या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. चकतीवरील ‘ए’ या मोडमध्ये छिद्र छायाचित्रकार ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. ‘एस’ मोडमध्ये याच्या उलट घडते. पक्षी हालतात म्हणून सरसकट ‘एस’ मोड वापरून वेग १/२५० वर बांधून ठेवला, तर लख्ख उन्हात कॅमेऱ्याला प्रकाश जास्त होतो, आयएसओ आधीच तळाला असतो आणि उरलेला एकच उपाय म्हणून तो छिद्र लहान करतो. परिणामी ज्या प्रकाशात सर्वांत रेखीव चित्र मिळायला हवे, त्याच प्रकाशात ते विवर्तनाने मऊ पडते. ‘ए’ मोडमध्ये छिद्र मोकळे ठेवल्यास जास्तीचा प्रकाश आपोआप जलद शटरच्या रूपाने कामी येतो. सावलीत मात्र ‘ए’ मोड फसवा ठरतो, कारण आयएसओ खाली ठेवण्याच्या नादात कॅमेरा शटर नकळत १/३० सेकंदापर्यंत मंद करू शकतो. तेथे वेगाची खालची मर्यादा स्वतः बांधून देणारा ‘एस’ मोड बरा. काही कॅमेऱ्यांत आयएसओच्या मेनूमध्येच शटरचा किमान वेग ठरवण्याची सोय असते. ती असेल तर ‘ए’ मोड दोन्हीकडे चालतो.

दोन प्रकारची हालचाल

चित्र हलण्याची कारणे दोन: हात हलणे आणि पक्षी हलणे. हाताच्या थरथरीसाठी जुना संकेत असा, की समतुल्य फोकल लेंथ जितके मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्याव्या भागाएवढा शटरचा वेग असावा. २००० मिलिमीटरला तो १/२००० सेकंद होतो. लेन्समधील भिंगांचा एक गट थरथरीच्या उलट दिशेने सरकवून ती निष्प्रभ करणारी स्थिरीकरण यंत्रणा आता जवळजवळ प्रत्येक सुपरझूममध्ये असते आणि पी-९०० साठी निर्मात्याने पाच स्टॉपपर्यंतच्या लाभाचा दावा केलेला आहे. तो पूर्ण मानला, तर १/६० सेकंदालाही हातातून स्थिर चित्र मिळायला हवे. परंतु पक्ष्याच्या हालचालीवर या यंत्रणेचा काहीच इलाज चालत नाही. फांदीवर शांत बसलेला खंड्याही मान झटकतो, शेपटी हलवतो. त्यासाठी १/२५० च्या आसपासचा वेग लागतो. फुलाफुलावर भिरभिरणाऱ्या शिंजीरासाठी १/५०० ते १/१०००, तर उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/१६०० किंवा त्याहून जलद शटर हवे. पाण्यात एका पायावर ध्यानस्थ उभ्या राखी बगळ्याला १/१०० सेकंदही पुरतो. वेग असा पक्ष्याच्या वर्तनावरून ठरतो. झूमचा आकडा त्यानंतर येतो.

उडणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत दृश्यक्षेत्राचा अरुंदपणाही विचारात घ्यावा लागतो. पी-९०० च्या पूर्ण झूमला २० मीटरवरील चौकट सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच असते. १६ सेंटिमीटरचा लहान खंड्या या चौकटीत बसलेला असेल, तर जवळजवळ अर्धी रुंदी भरून टाकतो आणि चित्र उत्तम येते. त्याच अंतरावरून ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा जाणारा नदी सुरय ती चौकट एक तीसांश सेकंदात ओलांडून जातो. डोळ्याने तो पाहून हाताने कॅमेरा वळवेपर्यंत चौकटीत फक्त आकाश उरते. त्याऐवजी झूम ६०० मिलिमीटर समतुल्यापर्यंत मागे घेतला, तर त्याच अंतरावर सव्वा मीटरच्या जवळपास रुंदी मिळते, छिद्र अधिक उघडते, थरथर कमी जाणवते आणि पक्ष्याचा पाठलाग करणे हाताला साधते. चौकटीत पक्षी लहान दिसला तरी नंतर कातरून घेता येतो.

तीन संच

या विचारातून तीन संच आकाराला येतात. पहिला उघड्यावर बसलेल्या पक्ष्यासाठी. त्यात ‘ए’ मोड, छिद्र शक्य तेवढे उघडे, आयएसओ स्वयंचलित पण १०० ते ४०० या मर्यादेत, फोकसचे क्षेत्र चौकटीच्या मध्यावर आणि लहानात लहान, फोकस एकदा लागून स्थिर राहणाऱ्या पद्धतीचा, स्थिरीकरण चालू आणि डिजिटल झूम पूर्णपणे बंद असावा. डिजिटल झूममध्ये भिंगे हलत नाहीत. कॅमेरा चित्राचा मधला भाग कापून मोठा करून दाखवतो. त्यातून नवा तपशील काहीच मिळत नाही, उलट झूमची कळ दाबताना खऱ्या पल्ल्याची हद्द कधी संपली हे लक्षात येत नाही. फोकसचे क्षेत्र लहान ठेवण्याचे कारण असे, की पानांच्या आणि काटक्यांच्या आड बसलेल्या पक्ष्याऐवजी पुढची फांदी पकडण्याकडे स्वयंचलित फोकसचा कल असतो आणि तीक्ष्णतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे अंतर रेखीव दिसते ते, वाटते तितकी मोठी नसते: पूर्ण झूमला २० मीटरवर ती ढोबळमानाने वीतभरच भरते.

दुसरा संच उडणाऱ्या पक्ष्यासाठी. यात ‘एस’ मोड, वेग १/१६०० सेकंद, आयएसओची मर्यादा ८०० पर्यंत, फोकसचे क्षेत्र मोठे, फोकस सतत जुळत राहणाऱ्या पद्धतीचा आणि छायाचित्रे सलग घेण्याची व्यवस्था चालू असावी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी काळवंडू नये म्हणून उजळपणात सुमारे दोन तृतीयांश ते एक स्टॉपची वाढही याच संचात जतन करावी. कॅननच्या सी-१ आणि सी-२ या जागांमध्ये झूमची स्थितीही जतन होते. ती सोय असेल तेथे ४०० ते ६०० मिलिमीटर समतुल्य स्थिती ठेवून संच जतन केला, की चकती फिरवताच लेन्स योग्य पल्ल्यावर येऊन थांबते. सलग चित्रांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. पी-९०० सेकंदाला सातच्या वेगाने चित्रे घेतो, पण सात चित्रांनंतर ती कार्डावर उतरेपर्यंत छायाचित्रकाराला थांबावे लागते. म्हणजे बटण सलग दाबून ठेवले, तर पहिल्या सेकंदानंतरचा क्षण हातून जातो. दोन-तीन चित्रांचे छोटे झटके घेणे अशा कॅमेऱ्यावर शहाणपणाचे ठरते. सोनीचा २०१७ चा आरएक्स-१० मार्क ४ सेकंदाला २४ चित्रे घेतो आणि त्याचा सेन्सरही क्षेत्रफळाने चौपट मोठा आहे, त्यामुळे उड्डाणाच्या चित्रणात तो सरस ठरतो. मात्र त्याचा पल्ला ६०० मिलिमीटर समतुल्यावर संपतो.

तिसरा संच सावलीतल्या पक्ष्यासाठी. सह्याद्रीच्या ओढ्याकाठच्या झाडीत राहणारा टिकेलचा निळा माशीमार हे त्याचे चांगले उदाहरण. हा पक्षी गर्द सावलीतील खालच्या फांदीवर बसतो, उडत्या कीटकावर झेप घेतो आणि पुष्कळदा जवळच्याच फांदीवर परत येऊन काही क्षण निश्चल राहतो. या निश्चल क्षणांचा फायदा घ्यायचा, तर ‘एस’ मोडमध्ये १/१०० ते १/१२५ सेकंद, आयएसओची मर्यादा ८०० पर्यंत आणि नाइलाज असेल तेव्हाच १६०० पर्यंत, आणि दोन-तीन सलग चित्रे असा संच उपयोगी पडतो, कारण इतक्या मंद वेगाला तीनांतील एखादेच चित्र स्थिर येण्याची शक्यता असते. या लहान सेन्सरवर साधारणपणे आयएसओ ४०० पर्यंत पिसांचे तपशील टिकतात, ८०० ला ते पुसट होऊ लागतात आणि १६०० ला नॉइज झाकण्यासाठी कॅमेरा जे गुळगुळीतीकरण करतो, त्यात पिसांची वीण सपाट रंगात विरून जाते. एक पाय असलेला आधार, म्हणजे मोनोपॉड, किंवा झाडाच्या खोडाचा टेका या ठिकाणी आयएसओच्या एका पायरीइतके काम सहज करतो. शक्य असल्यास झूम थोडा मागे घ्यावा, कारण तेवढ्यानेही छिद्र उघडून प्रकाश वाढतो. पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स एफझेड-३०० मध्ये ६०० मिलिमीटर समतुल्य झूमलाही छिद्र एफ/२.८ राहते, सावलीतल्या कामासाठी हा कमी पल्ल्याचा कॅमेरा म्हणूनच लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याला मागे टाकू शकतो.

ज्या कॅमेऱ्यावर अशी एकच जागा असते, तेथे ती उडणाऱ्या पक्ष्यासाठी राखून ठेवणे इष्ट. बसलेल्या पक्ष्यासाठी नेहमीचा ‘ए’ मोड आणि सावलीसाठी ‘एस’ मोड हाताशी असतोच, शिवाय बसलेला पक्षी थोडीफार जुळवाजुळव करण्याइतका वेळ देतो. उडणारा देत नाही. निकॉनच्या या मालिकेतील कॅमेऱ्यांत पक्षिनिरीक्षणासाठी निर्मात्याने दिलेला तयार मोडही असतो, पी-९५० आणि पी-१००० मध्ये तर तो थेट चकतीवरच आहे; परंतु त्यात वेग आणि आयएसओ यांचे निर्णय मुख्यतः कॅमेराच घेत असल्याने सवय झालेल्या निरीक्षकाला तो लवकरच अपुरा वाटू लागतो.

पांढरा बगळा, काळा कोतवाल

उजळपणातील दुरुस्ती, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, बसलेल्या पक्ष्याच्या संचात शून्यावरच ठेवावी, कारण ती पक्ष्यागणिक बदलते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चालतो. गडद पाण्यासमोर उभा असलेला पांढरा बगळा चौकटीचा थोडाच भाग व्यापत असेल, तर मापक पाण्याच्या गडदपणाला बळी पडून चित्र उजळवतो आणि बगळ्याची पिसे तपशील गमावून निव्वळ पांढरी होतात. लहान सेन्सरवर हे फार लवकर घडते आणि गेलेला तपशील नंतर परत आणता येत नाही. अशा वेळी उजळपणा दोन तृतीयांश ते एक स्टॉपने कमी करावा लागतो. मात्र प्रकाशमापन केवळ मध्यबिंदूवर, म्हणजे स्पॉट पद्धतीने, चालू असेल, तर मापकाला फक्त पांढरा बगळा दिसतो, तो त्याला करडा करू पाहतो आणि दुरुस्ती नेमकी उलट, म्हणजे वाढीची, करावी लागते. काळ्या कोतवालाच्या बाबतीत हेच सारे उलट्या चिन्हांनी घडते. पक्षी तोच आणि प्रकाश तोच असूनही दुरुस्तीचे चिन्ह मापनाच्या पद्धतीवर अवलंबून असल्याने, तिन्ही संचांत मापनाची एकच पद्धत जतन करावी आणि ती वारंवार बदलू नये; तरच अंगठ्याला दुरुस्तीची दिशा विचार न करता सापडते.

काही गोष्टी तिन्ही संचांत सारख्याच ठेवाव्यात. फोकस लागल्याचा आवाज, फोकसला मदत करणारा दिवा आणि फ्लॅश बंद असावेत. पक्ष्याला त्रास होऊ नये हा त्यामागचा पहिला हेतू, आणि एवढ्या अंतरावर त्यांचा उपयोगही नसतो. चित्र घेतल्यावर ते पडद्यावर आपोआप दाखवण्याची सोय बंद केली, तर पुढच्या क्षणासाठी डोळ्यासमोर दृश्य मोकळे राहते. कच्च्या स्वरूपातील, म्हणजे रॉ, फाइल घेण्याची सोय पी-१००० आणि पी-९५० मध्ये आहे, पी-९०० मध्ये नाही. रॉ फाइलमध्ये नॉइज आणि उजळपणा नंतर निगुतीने हाताळता येतो, पण सलग चित्रे कार्डावर उतरायला अधिक वेळ लागतो, म्हणून ती स्थिर पक्ष्यांच्या संचांत ठेवावी आणि उड्डाणाच्या संचात जेपीईजीवर समाधान मानावे.

जे संचात मावत नाही

अरुंद दृश्यक्षेत्रात पक्षी शोधणे हे सुपरझूम वापरणाऱ्याचे सर्वांत कठीण काम असते. त्यासाठी काही निर्माते वेगळे बटण देतात: कॅननच्या एसएक्स-५० वर आणि पी-९०० च्या लेन्सच्या बाजूला असे बटण आहे, ते दाबले की झूम तात्पुरता मागे येतो आणि सोडले की पूर्वीच्या जागी जातो. कोणताही संच या कौशल्याची जागा घेऊ शकत नाही. जवळच्या पक्ष्याबाबत याच्या उलट अडचण येते: पूर्ण झूमला पी-९०० पाच मीटरच्या आणि पी-१००० सात मीटरच्या आतील वस्तूवर फोकस करू शकत नाही, त्यामुळे गॅलरीतील जास्वंदीवर आलेल्या शिंजीरासाठी झूम मागे घेणे हाच उपाय असतो. फोकस लागेना म्हणून कॅमेऱ्याला दोष दिला जातो तेव्हा पुष्कळदा खरे कारण हे अंतर असते.

हवा हा आणखी एक घटक. उजनी जलाशयाच्या भिगवण परिसरात हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब पाहायला लोक जातात. तेथे सकाळी लवकर घेतलेले दूरच्या थव्याचे चित्र स्वच्छ येते आणि ऊन चढल्यावर त्याच जागेवरून, त्याच सेटिंग्जवर घेतलेले चित्र लाटा उठल्यासारखे वेडेवाकडे दिसते. तापलेल्या जमिनीवरील आणि पाण्याजवळील हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाचे असल्याने प्रकाश सतत किंचित वाकतो. झूम जितका अधिक आणि मधले अंतर जितके जास्त, तितका हा दोष मोठा होऊन दिसतो. शटर कितीही जलद केले तरी वाकलेला किरण सरळ होत नाही. अंतर कमी करणे किंवा वेळ बदलणे एवढेच हाती उरते. होडीतून छायाचित्रे घेताना तर अंतर कमी होते, पण पायाखालची फळी हलती असते. म्हणून तेथे पक्षी बसलेला असला तरी बसलेल्या पक्ष्याच्या संचापेक्षा जलद शटरचा उड्डाणाचा संच अधिक कामाचा ठरतो.

संच जतन केल्यावर तो एखाद्या वहीत लिहून ठेवणेही गरजेचे असते, कारण निकॉनच्या या कॅमेऱ्यांत घड्याळासाठी असलेली आतली बॅटरी पूर्ण उतरली की ‘यू’ मधील जतन केलेली सेटिंग्ज पुसली जातात. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ही शक्यता खरी असते. संच कायमचे मानण्याचेही कारण नाही. प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये शटरचा वेग, छिद्र, आयएसओ आणि फोकल लेंथ यांची नोंद आपोआप होत असते. फसलेली चित्रे पुसून टाकण्यापूर्वी ही नोंद वाचली, तर दोष कोठे आहे ते दिसते: पार्श्वभूमीची फांदी रेखीव आणि पक्षी मात्र पुसट असेल, तर वेग अपुरा होता, फांदी आणि पक्षी दोन्ही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील, तर हात हलला, पुढची काटकी रेखीव असेल, तर फोकसचे क्षेत्र मोठे होते, सर्व जागच्या जागी असून पिसे गुळगुळीत झाली असतील, तर आयएसओची मर्यादा एक पायरी खाली आणायला हवी. अशा नोंदींवरून एकेक आकडा बदलत गेल्यास पुस्तकातून घेतलेला संच काही महिन्यांत त्या छायाचित्रकाराच्या हाताला, त्याच्या नेहमीच्या पाणवठ्यांना आणि तेथील प्रकाशाला जुळणारा होतो.